म्हैस बसली बाकावर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे मौनी म्हणत. तो काही मुका नव्हता, अडखळत बोलायचा. त्यातही म, ब, प ही अक्षरं आली की मिटलेले ओठ उघडायचेच नाहीत, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि समोरच्याला दया येऊन तो त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा चुकीचं. लहानपणी धडा मोठ्याने वाचायची पाळी आली तेव्हा सगळा वर्ग पोट धरून हसला होता. तेव्हापासून त्याने मनाशी गाठ बांधली, की जिथे बोलावं लागणार नाही तिथेच उभं राहायचं. लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत, तारा आणि चाकांच्या सोबतीने, ते जमत होतं. साथीदाराला हाताने खूण केली की काम भागायचं.

त्याची बायको परिचारिका होती. तिने त्याचं वाक्य कधी हिसकावून घेतलं नव्हतं, म्हणून तर लग्न जमलं. त्यांना एक मुलगी होती. एका जागी कधी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. ती बसायची ती फक्त गोष्टीच्या पुस्तकापुढे. रोज संध्याकाळी आई तिला मांडीवर घेऊन चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची आणि बाप भाजी चिरता चिरता ऐकायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आईची कामाची पाळी बदलली. ती दुपारी भिंगरीला शेजारच्यांकडे ठेवून दवाखान्यात जाऊ लागली आणि परत यायची तेव्हा भिंगरी झोपलेली असायची.

पहिल्याच संध्याकाळी भिंगरी पुस्तक घेऊन बापापुढे उभी राहिली.

"चित्रं बघू या," तो म्हणाला.

"चित्रं मी बघितलीत. तू वाच."

पुस्तक एका म्हशीचं होतं. ती दर पानावर कशावर तरी बसायची आणि ती वस्तू मोडायची. पहिलंच वाक्य होतं, 'म्हैस बसली बाकावर.' लिहिणाऱ्याने जणू त्याचाच सूड घ्यायला एकेक शब्द निवडला होता. त्याने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. पोरीने म्हशीच्या पोटावर बोट ठेवलं होतं आणि ती वाट बघत होती.

"म... म... म्हैस," तो म्हणाला. कपाळावर घाम आला. "ब... बसली बा... बा... बाकावर. बाक मोडला काडकन."

भिंगरी खदखदून हसली. त्याने पुस्तक मिटायला घेतलं. पण ती बाकाचे तुकडे बघून हसत होती, बापाकडे तिचं लक्षही नव्हतं. म्हैस पलंगावर बसली, पिंपावर बसली, आणि शेवटी डबक्यात बसली तेव्हा डबकं म्हणालं, 'बस गं बाई, बस.' एवढं संपेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पुन्हा," भिंगरी म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. त्याने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या छतावर बसून ती वाक्यं पुटपुटून बघितली. साथीदाराला वाटलं, मौनी शेवटी तारांशी बोलायला लागला. हळूहळू भिंगरीला पुस्तक पाठ झालं आणि ती त्याच्याबरोबर म्हणू लागली. दोघांनी एका सुरात म्हटलं की वाक्य कुठेही न अडकता बाहेर यायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो थांबून स्वतःच्याच तोंडाला हात लावून बघत राहिला.

"थांबलास का?" भिंगरीने विचारलं. "अजून पिंप मोडायचंय."

पुढे सासूबाई मदतीला राहायला आल्या. बाई मायाळू होत्या, पण मनात आलेलं तोंडात ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. आठवडाभरात, लेकीला सुट्टी होती त्या संध्याकाळी, त्यांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. तो बाहेर बूट काढत होता. सगळं त्याच्या कानावर पडलं.

"तुझ्या नवऱ्याचं मन दुखवायचं नाहीये मला. पण पोरगी बाहुल्यांशीसुद्धा म-म-म करत बोलते. उद्या शाळेत तिची गत काय होईल? वाचायचं मी बघते. त्यांना म्हणावं, राहू दे."

बायको काहीतरी उलट बोलली, पण त्याने पुढचं ऐकलं नाही. वर्गातलं ते हसू आता पोरीच्या वाट्याला येणार, एवढंच त्याला दिसत होतं. त्या दिवसापासून त्याने पुस्तकाला हात लावला नाही. संध्याकाळी काम संपलं तरी उगाच इथे तेल घाल, तिथे पेच आवळ असं करत तो रेंगाळायचा. सासूबाई वाचायच्या. त्या एका दमात वाचायच्या आणि मधली पानं गाळायच्या.

"आजी, पिंप राहिलं," भिंगरी सांगायची. "आजी, पलंग पण राहिला."

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी खिडकीखाली बाहुल्या मांडून बसली होती. तो शेजारच्या खोलीत पंखा पुसत होता. बाहुली बोलली, स्वच्छ. कापडी ससा बोलला, पटापट. मग चिखलाची म्हैस बोलली, "म-म-मी बसू का?"

तो हातातलं फडकं टाकून आत आला.

"तू अशी का बोलतेस?"

"मी नाही, म्हैस बोलते," भिंगरी त्याला समजावून म्हणाली. "ती जड आहे ना. तुझी म्हैस अशीच बोलते. आजीच्या म्हशीला नीट बोलता येत नाही."

पोरगी अडखळत नाही, नुसती नक्कल करते, असं त्याला वाटलं. पण वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो बायकोच्या दवाखान्यात गेला. तिथे बोलण्यातले दोष तपासणाऱ्या एक बाई होत्या. आजवर त्यांच्या दारावरून तो मान खाली घालूनच गेला होता. आज त्याने दार ठोठावलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऐकून हे लागत नाही," त्या म्हणाल्या. "लागलं असतं तर मी केव्हाच अडखळायला लागले असते. घरात कुणाला असलं तर मुलांमध्ये कधी कधी उतरतं, हे खरं. म्हणून लक्ष ठेवा. तिचे शब्द खरंच अडकायला लागले तर तिला घेऊन या. पण वाचणं थांबवू नका."

संध्याकाळी तो वेळेवर घरी आला. सासूबाई चष्मा लावून पुस्तक उघडत होत्या. बायकोला सुट्टी होती. ती काही बोलायला पुढे झाली, तसं त्याने मान हलवून तिला थांबवलं.

"आई, म... म..."

"महत्त्वाचं काही आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

त्याने हात वर केला. रागाने नव्हे. गाडी थांबवताना करतात तसा. त्याने श्वास घेतला.

"मी ब... बोलतो. तुम्ही ऐका. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय. माझं वाचणं ऐकून तिला काही होणार नाही. उद्यापासून नाही, आ... आजपासून मीच व... वाचणार."

एवढं लांब बोलणं त्याच्या तोंडून सासूबाईंनी ऐकलं नव्हतं. ते संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या, आणि त्यांना ते फार जड गेलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"वाचा," त्या म्हणाल्या. "पण मीही ऐकणार. माझ्या म्हशीत काय खोट आहे, ते कळू दे."

काही महिन्यांनी भिंगरीच्या बालवाडीतल्या बाईंनी आईबापांना एकेक दिवस गोष्ट वाचायला बोलावलं. बायको म्हणाली, "मी जाते. तुला नको वाटत असेल तर..."

"नको वाटतंय," तो म्हणाला. "तरी जातो."

सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसली होती. पहिल्याच शब्दाला तो अडकला. एक मुलगा फिस्सकन हसला, आणखी दोघे हसले. पाय पळून जा म्हणत होते. पुस्तक मात्र त्याने हातात घट्ट धरून ठेवलं.

"तुम्ही असं का बोलता?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं.

"माझे शब्द घ... घशात अडकतात," तो म्हणाला. "थोडं थांबलं की येतात. थांबाल?"

पोरांनी माना डोलावल्या. म्हैस बाकावर बसली. पलंगावर बसली तोवर अर्धा वर्ग काडकन म्हणायला शिकला होता, आणि पिंपाशी आल्यावर तर पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. भिंगरी मान उंच करून शेजारणीला सांगत होती, "खरी म्हैस अशीच असते."

त्याचं अडखळणं काही गेलं नाही. डॉक्टरीणबाईंकडे तो आता नियमाने व्यायाम शिकायला जातो, त्याने थोडं हलकं वाटतं इतकंच. भिंगरीचे शब्द अडकत नाहीत. ती चपळ जिभेने घर डोक्यावर घेते आणि सोपी पुस्तकं स्वतःच जुळवून वाचते. बालवाडीच्या बाईंनी त्याला दर महिन्याला यायला सांगितलंय. परवा तो वाचनालयात गेला. काउंटरवरच्या माणसाने त्याचं अडखळणं ऐकून चित्रं भरपूर आणि मजकूर अगदी थोडा असलेलं एक पुस्तक आपणहून पुढे केलं.

त्याने ते चाळून परत ठेवलं.

"जरा जास्त वाक्यं अ... असलेलं दाखवा," तो म्हणाला.