नसीमानं स्वतःला न दिलेला अधिकार

नसीमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या स्टँडवर होते. भाच्याच्या साखरपुड्याहून परत निघाले होते. तिचा धाकटा भाऊ रफिक बोलत होता. "ताई, आपा गेली. सोलापूरला नेत होतो… वाटेतच." सकाळी चहा पिताना हात बधिर झाला म्हणाली, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव. मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. बसमध्ये चढले, खिडकीशी बसले, आणि बस हलायच्या आत दुसरा फोन आला, आमच्या रुग्णालयाच्या कार्यालयातून. मला वाटलं, मातीला किती वाजता जायचं ते विचारत असतील. पलीकडून विचारलं, "मॅडम, ते बॅकअपचा पासवर्ड नसीमा मॅडमनी कुठं लिहून ठेवलाय का? सचिव साहेब विचारायलेत."

एवढे आठवडे झाले, तिच्या जाण्याचं दुःख थोडं जागेवर बसलं, पण त्या दुसऱ्या फोनचा राग काही जात नाही. कारण तो प्रश्नच चुकीचा होता. असा सगळं उघडणारा एकच पासवर्ड असू नये म्हणून तर ती इतकी वर्षं भांडली होती. आणि ज्यांच्याशी भांडली, त्यांना ती काय म्हणत होती हे ती मेल्यावरसुद्धा कळलेलं नव्हतं.

उमरग्यात हायवेला लागून असलेल्या एका संस्थेच्या रुग्णालयात आम्ही दोघी नोकरीला. नाव लिहीत नाही, मी अजून तिथंच आहे. मी रुग्णांच्या केसपेपरांचा विभाग सांभाळते, ती संगणक विभागाची प्रमुख होती. तिच्या वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. सोलापूरला शिकून ती गावातच परतली. जीभ तिखट, चाल भरभर, आणि कुणी "बघू, करू" म्हणालं की कपाळावर लगेच आठी. जेवायला मात्र रोज माझ्या टेबलाशी. माझ्या डब्यातली शेंगाची चटणी हक्कानं काढून घ्यायची आणि वर म्हणायची, "तुला लसूण कळत न्हाय, वैशाली."

रुग्णांची माहिती संगणकावर आली, तसा त्या माहितीचा बॅकअपही आला. बॅकअप म्हणजे रोजच्या माहितीची वेगळी ठेवलेली प्रत. मूळ यंत्र जळलं, बिघडलं, कुणी काही खोडलं तर त्या प्रतीतून परत आणायचं. सुरुवातीला त्या सगळ्याचा एकच पासवर्ड होता आणि तो अर्ध्या रुग्णालयाला पाठ होता. एकदा कुणीतरी जागा कमी पडते म्हणून जुन्या प्रती साफ करून टाकल्या. वाईट हेतूनं नाही, मदत म्हणून! त्याच आठवड्यात मूळ यंत्र बसलं. कितीतरी जणांच्या जुन्या तपासण्या, ऑपरेशनच्या नोंदी, लहान पोरांच्या लसी, सगळं गेलं. लोक माझ्या खिडकीशी यायचे आणि मी हात हलवून परत पाठवायचे. नसीमा त्या दिवसांत डबा उघडायची नाही.

त्यानंतर तिनं कामं वेगळी केली. प्रत घ्यायचा अधिकार तिच्याकडं. प्रतीतून माहिती परत आणायचा अधिकार माझ्याकडं, कारण केसपेपर माझ्या ताब्यातले. आणि जुनी प्रत पुसायची असेल किंवा कुणाचे अधिकार बदलायचे असतील तर मी आणि वैद्यकीय अधीक्षक, दोघांची मंजुरी. एकट्याची चालणार नाही. संस्थेच्या सचिवांना सगळं बघता येईल, पण बटण दाबता येणार नाही.

बैठकीत सचिव साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "मला फक्त बघायचा अधिकार? संस्था कुणाची आहे, मॅडम? आमच्यावर विश्वास न्हाय का?"

"साहेब, माझ्यावरपण न्हाय," ती म्हणाली. "बघा की, पुसायच्या यादीत माझं नावच न्हाय."

जुने अधीक्षक शांत माणूस होते, त्यांनी हसून सही केली. बाकीच्यांना हा बाईचा संशयीपणा वाटला. मलाही तिचं हे टोक कळलं नव्हतं. सगळी व्यवस्था तू उभी केलीस, मग स्वतःला बाहेर का ठेवलंस, असं मी तिला विचारलं. ती भाकरी मोडत होती. म्हणाली, "चोराला भिऊन न्हाय गं. मी मलाच भिते. माणूस थकतो, कावतो. समोरचा मोठ्या आवाजात बोलला की हो म्हणून बसतो. माझ्या हातात नसलं म्हंजे मला खरं बोलता येतं… पुसता येत नाही म्हणून."

ते खरं बोलायची वेळ आली. माकणीची एक बाई बाळंतपणासाठी आमच्याकडं दाखल झाली होती. तिला एक इंजेक्शन चालत नव्हतं. भरती करताना तिनं ते स्वतः सांगितलं होतं आणि तशी नोंद झाली होती. तरी ते दिलं गेलं. बाई आणि बाळ वाचलं, पण तिला पुढं पुष्कळ दिवस सोलापूरला ठेवावं लागलं. तिचा नवरा केसपेपरची नक्कल मागायला माझ्याकडं आला. अर्जावर सही करताना म्हणाला, "ताई, आमी भांडायला आलो न्हाय. काय झालं त्ये सांगा फकस्त." मी संगणकावर केसपेपर उघडला आणि थांबले. भरतीच्या दिवशी मी स्वतः पाहिलेली ती नोंद तिथं नव्हती. त्या जागी लिहिलं होतं, कुठल्याही औषधाचा त्रास नाही.

मी धावत नसीमाकडं गेले. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माझ्याकडं काय आलीस? परत आणायचा अधिकार तुझा. अर्ज आलाय ना त्याचा? मग काढ." मी भरतीच्या दिवसाची प्रत परत आणली. नोंद होती तशी होती. अधीक्षकांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले आणि नक्कल द्यायला सांगितलं. तो कागद घेऊन नवरा निघाला तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली.

त्या दुपारी सचिव साहेबांनी नसीमाला बोलावलं. मी काही कागद द्यायला गेले होते, दाराशीच थांबले.

"ती जुनी प्रत काढून टाका. मग त्या नकलेला आधार उरत नाही."

"येत नाही, साहेब."

"येत नाही म्हंजे? एवढा पगार कशाचा घेता?"

"मला पुसायचा अधिकारच न्हाय. अधीक्षक साहेब आणि वैशाली मॅडम दोघांनी मंजुरी दिली तर होतंय. त्यांना तुम्ही लेखी द्या."

लेखी कुणी दिलं नाही, देणारही नव्हतं. ज्या डॉक्टरांनी नोंद बदलली ते दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या गावी निघून गेले, हार घालून निरोपही झाला. त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते नसीमाला, वेगवेगळ्या रीतीनं, पुढची सगळी वर्षं. तिच्या हाताखालचा माणूस काढून दुसरीकडं दिला. सर्व्हरच्या खोलीतला एसी बिघडला, तो दुरुस्त करायचा अर्ज फिरत राहिला. उन्हाळ्यात घरचा टेबलफॅन आणून तिनं यंत्रांसमोर लावला. बैठकीत ती बोलायला लागली की कुणीतरी फोन बघायचं. "सगळे अधिकार एका खात्यात घ्या" असा तोंडी हुकूम दर महिन्याला यायचा आणि ती दर महिन्याला म्हणायची, "लेखी द्या." मी कधी कधी वैतागायचे. सोड म्हणायचे, तब्येत बघ, रक्तदाब वाढलाय. तर माझ्यावरच उसळायची. "मी सोडलं तर परत सगळं एकाच्या हातात! मग तुझ्या खिडकीशी माणूस आला तर काय सांगशील त्याला?"

…आणि मग तो फोन. नसीमा मॅडम पासवर्ड घेऊन गेल्या, अशी कुजबुज दफनाच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात सुरू झाली. मी जो भेटेल त्याला सांगत सुटले की तिच्या खात्यातून फक्त प्रत घेतली जाते, बाकी काही उघडत नाही, तिच्या जागी माणूस नेमा, मी आणि अधीक्षक मिळून पाच मिनिटांत त्याला अधिकार देतो. लोक माना डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "पण पासवर्ड?"

सचिव साहेब आमच्या विभागात कधी येत नाहीत. त्या आठवड्यात आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. जुने अधीक्षक निवृत्त झाले होते, नव्यांनी मंजुरी दिली होती. बाहेरच्या एका कंपनीचा माणूस येणार, त्याच्या एका खात्यात सगळे अधिकार जाणार, फक्त माझी मंजुरी बाकी. "तुम्ही समजूतदार आहात," ते म्हणाले. मला नसीमासारखं "येत नाही" म्हणता आलं नाही. मला येत होतं. बटण समोर होतं. तेव्हा मला तिचं "मी मलाच भिते" हे वाक्य नीट कळलं, आणि तिचा रागही आला. स्वतःला मोकळं ठेवलंस आणि मला इथं बसवलंस! मी म्हणाले, "मी देणार न्हाय, साहेब. दोन माणसं नेमा, दोघांना वेगवेगळं काम द्या. लगेच मंजुरी देते."

"म्हंजे तुम्हीपण तशाच," ते म्हणाले आणि उठले.

पुढचे काही दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मग एका सकाळी वीज जाऊन आली ती जादा दाबानंच आली आणि मूळ यंत्र बंद पडलं. बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत. कंपनीचा माणूस आला, नवं यंत्र बसवलं, पण त्यात घालायला माहिती त्याच्याकडं नव्हती. मला बोलावलं. मी माझ्या अधिकारातून नसीमाच्या प्रतीतली माहिती परत आणली. दुपार झाली, पण आली. आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं होतं. ती गेल्यावरसुद्धा तिनं लावून दिलेलं काम रोज आपलं आपण चालू होतं.

त्यानंतर मात्र हुकूम निघाला, लेखी. प्रत घेण्याचं काम हिशोब विभागातल्या एकाकडं, पुसण्याच्या मंजुरीत आमच्या मुख्य परिचारिका कमलताईंचं नाव वाढवलेलं, परत आणायचं माझ्याकडं. बैठकीत सचिव साहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला. "रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षिततेसाठी आपण ही नवी व्यवस्था आणतोय," म्हणाले. टाळ्या वाजल्या. नवी! मी उठून बोलले, ही व्यवस्था नसीमा पटेल यांची आहे, तशी नोंद घ्या. "घेऊ, घेऊ," कुणीतरी म्हणालं. इतिवृत्तात ते आलेलं नाही. मी दोनदा मागे लागले. म्हणून इथं लिहितेय.

परवा कमलताईंना घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेले. एसी आता दुरुस्त झालाय, तोही आत्ताच. आत धूळ जाऊ नये म्हणून नसीमा बाहेरच्या चपला दाराशी काढायची आणि आत घालायला निळ्या रबरी सपाता ठेवायची. त्या तशाच कोपऱ्यात होत्या. झाडणाऱ्या मावशी त्या उचलून झाडतात आणि परत तिथंच टाकतात. टाकून द्या असं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्याही विचारत नाहीत. एक सपात उलटी पडली होती. कमलताई पटकन वाकल्या. "सरळ करते बाई. उलटी चप्पल राहिली की भांडणं लागतात."

मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," म्हणाले. "लागू देत."