साडूभाऊंचा झोपेचा कोर्स

नाशिक फाट्यापासून चाकणच्या कांदा मार्केटपर्यंत रोज जेवढी म्हणून झोप उपलब्ध होते, तिच्यातली निम्मी आमचे साडू एकटे संपवत आणि उरलेल्या निम्मीत तिन्ही शिफ्टच्या समस्त कामगारांना भागवावं लागे, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. महाळुंग्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रेस शॉपला आहेत. तिथली मोठी प्रेस पत्र्यावर एकदा आदळली की शेजारच्या कंपनीतल्या चहावरची साय हलते. पण जेवणाच्या सुट्टीत साडू तिच्याच पायथ्याशी पुठ्ठा अंथरून तान्ह्या बाळासारखे झोपत आणि प्रेस बंद पडली की दचकून उठत, "आवाज कुणी बंद केला रे?" कंपनीच्या बसमध्ये जागा नसली की ते दांड्याला लटकून उभ्याने झोपत. एकदा ट्रॅफिकला वैतागून ड्रायव्हरने बस मोशीऐवजी तळवड्याकडून घातली, तर साडू मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "खड्डे बदलले राव, रस्ता चुकलास." स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना अंतरपाटामागे उभ्याउभ्या गाढ झोप लागली होती. वाजंत्री कडाडली तेव्हा डोळे उघडून, समोर जी दिसली तिच्या गळ्यात त्यांनी हार घातला. ती आमची ताईच निघाली, हे दोन्ही घरांचं नशीब.

अशा सुखी माणसाला कुणीतरी चिंचवडच्या एका हॉटेलातल्या फुकट सेमिनारला नेलं. तिथे टाय लावलेल्या एका गृहस्थाने सांगितलं, की ऑनलाइन कोर्स काढा आणि श्रीमंत व्हा. कोर्स आधी बनवत बसू नका. आधी विका, गिऱ्हाईक आलं की मग बनवा! बाकीच्यांनी आश्चर्याने टाळ्या वाजवल्या. साडूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, "पाव्हणं, यात नवीन काय हाय? आमच्याकडं गिऱ्हाईकाच्या ऑर्डरीचं कार्ड आल्याशिवाय आम्ही एक ब्रॅकेट मारत नाही. बिनऑर्डरीचा माल म्हणजे नुसती अडगळ." कंपनीत कार्ड येतं तेव्हा साच्याची डाय तयार असते, पत्रा येऊन पडलेला असतो, ड्रॉइंग भिंतीला चिकटवलेलं असतं, हा बारीकसा मुद्दा मात्र त्यांच्या नजरेतून निसटला.

"पण शिकवणार काय?" मी विचारलं.

"येतं तेच. झोप."

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर जाहिरात झळकली: 'शिफ्ट कुठलीही असो, झोप हमखास! पहिला वर्ग रविवारी दुपारी.' खाली साडूंचा झोपलेला फोटो. तो मीच काढला होता. त्यासाठी कुणाला काही खास तयारी करावी लागली नाही. आणि काय सांगू, कारखान्यांचा अख्खा पट्टा लोटला! क्रेनवाले आले, कॅन्टीनचे आचारी आले, आकुर्डीच्या एका दवाखान्यातल्या सिस्टरबाई आल्या. महाळुंग्याच्या कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला फी भरायला आला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "भावा, तू तर ड्युटीवरच झोपतोस की. तुला कोर्स कशाला?" तो कळवळून म्हणाला, "तिथं येते हो. घरी गेलं की येत न्हाई."

आता ऑर्डरी आल्या, माल बनवणं आलं. साडूंनी ठरवलं, आज झोपताना नेमकं काय काय करतो ते नीट बघायचं. ते आडवे झाले आणि बघू लागले. आधी उजवा कान टेकतो की डावा? श्वास आधी लांबतो की डोळा आधी मिटतो? पाय पोटाशी कोणत्या टप्प्यावर येतात? शिफ्टला निघायची वेळ झाली तरी साडू बघतच होते. मग त्यांनी ताईला पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसवलं, निरीक्षणासाठी. ताई बिचारी जन्माची साक्षीदार. म्हणाली, "अहो, तुम्ही डोळे मिटता आणि झोपता. एवढंच करता."

"एवढ्यात किती धडे होतील गं?" साडूंनी विचारलं आणि पुन्हा कूस बदलली.

जी झोप प्रेसला भ्यायली नव्हती, ती पाळत ठेवल्यावर मात्र पळाली. गेली ती गेलीच. बसमध्ये साडू टक्क जागे बसलेले पाहून ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "भाऊ, घरी सगळं बरं हाय ना?" एवढ्या वर्षांच्या नोकरीत प्रेस शॉपला खिडकी आहे, हे साडूंना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी गरम दूध घेतलं, तळपायांना तेल चोळलं, सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन पहिल्या रांगेत बसले. त्या सभेत सेक्रेटरीसकट सगळे पेंगतात, पण साडूंनी पार्किंगच्या हिशेबावर चक्क प्रश्न विचारले! लोक हादरले. डोळे तांबारले, गाल बसले. आठवडाभरात त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "साडूभाऊ, फी परत करून मोकळे व्हा."

"ऑर्डर घेतलीय, पाव्हणं. आता लाइन बंद ठेवता येत नाही," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "लोकांचं जाऊ द्या. पण ती माझी आता कधीच आली नाही तर हो?" हसायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

रविवार उजाडला. दुपारची जेवणं झाली. मी मुद्दाम हजर होतो; मार पडायची वेळ आलीच तर घरचं कुणीतरी असावं म्हणून. डाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकोनांतून सगळा पट्टा आशेने साडूंकडे बघत होता. साडूंनी घसा खाकरला. "मित्रांनो, खोटं बोलणार नाही. धडा तयार नाही. मला स्वतःलाच झोप येत नाही. पूर्वी यायची, ती कशी यायची एवढं सांगतो." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. बसच्या खिडकीची उबदार काच. प्रेसचा एकसुरी दणका. पुठ्ठ्याला येणारा तेलाचा वास. आठवेल तसं, सावकाश, थांबत थांबत. परदेशी गेलेल्या लेकराबद्दल आई बोलते तसा आवाज लागला होता. तेल किती महिन्यांनी बदलतात, ग्रीस कुठे कुठे मारतात, इथवर आले तेव्हा सिक्युरिटीवाल्याची हनुवटी छातीला टेकली. मग क्रेनवाला गेला. सिस्टरबाई उशीत तोंड खुपसून गेल्या. एका चौकोनात कुणाची तरी बायको पाय न वाजवता आली आणि नवऱ्याच्या अंगावर चादर टाकून गेली. बघता बघता अख्खा पडदा घोरायला लागला.

"पाव्हणं," साडू कुजबुजले, "सगळी गेली हो!"

"अभिनंदन! बंद करा आता, आणि तुम्हीही पडा."

"बोलायचं थांबलो तर उठतील ना ती." आणि त्यांनी पुन्हा ग्रीस सुरू केलं.

तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. ताई उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती; मांडीवर अर्धी जुडी तशीच ठेवून तीही चौकटीला डोकं टेकून झोपली होती. साडू बोलता बोलता उठले, पलंगावरची उशी आणली, ताईच्या मानेखाली अलगद सरकवली आणि तिथेच उकिडवे बसून बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्याआधी तेच झोपत आलेले. आवाज आणखी खाली आणून मला म्हणाले, "ही झोपते तेव्हा तोंड जरा उघडं राहतं, पाव्हणं. मला माहीतच नव्हतं."

मग तिच्या पदरावरचं मेथीचं पान त्यांनी दोन बोटांनी उचललं, आणि मोबाइलकडे पाठ करून, तिच्याकडेच बघत सांगू लागले, "तर मित्रांनो, डाव्या बाजूच्या बेअरिंगला..."