बेडरूमचं दार

गिरगावातल्या चाळीत परुळेकरांचं दार सकाळी दूध आलं की उघडायचं आणि रात्री जेवणं आटोपली की लागायचं. मधल्या वेळात ते कधी लागलेलं दिसलंच, तर शेजारच्या बायका चौकशीला यायच्या. कुणाला बरं नाही का, की आत भांडण झालंय. मृणालिनी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा आडोसा म्हणजे एक पडदा होता, आणि तोही दिवसा गुंडाळून ठेवायची पद्धत होती.

१९८९ साली ती खोली सोडून ही मंडळी मीरा रोडला राहायला आली. पहिल्या मजल्यावर हॉल, किचन आणि एक बेडरूम. बाहेरचं दार चोरांच्या भीतीने लावावं लागे. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी चालवून घेतलं. बेडरूमचं दार मात्र कधी लागलं नाही. रात्री नवरा-बायको ते नुसतं लोटून घेत, सकाळी ते पुन्हा भिंतीला जाऊन टेके. सासूबाई आणि रसिका, म्हणजे मुलगी, हॉलमध्ये झोपायच्या. घरात भांडणं झाली, आजारपणं झाली, रसिकाची दहावी झाली. दार उघडंच राहिलं. ते उघडं ठेवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं.

मृणालिनी भाईंदरच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवायची. पंच्याण्णवच्या सुमारास तिच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली. पुस्तक हातातून सुटे आणि ते सुटल्याचं तिला आवाजावरून कळे. मग तो बधिरपणा पायात उतरला, तिथूनही थोडा गेला, पुन्हा आला. वर्षभर निरनिराळे डॉक्टर झाल्यावर परळच्या एका डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. वायरीवरचं कव्हर जागोजाग निघावं तसं मज्जातंतूंचं झालंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. बरं होईल असं ते म्हणाले नाहीत. घरी येताना तिचा नवरा दत्ताराम म्हणाला की वायरीचं उदाहरण त्यांनी चांगलं दिलं. ती हो म्हणाली.

तिला रडू आलं नाही. सासूबाईंना याचं आधी आश्चर्य वाटलं, नंतर थोडा रागही आला. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत गेली नाही. शाळेतल्या बाई दोनदा भेटायला आल्या, मग येईनाशा झाल्या. त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही. जेवण बेताचं, झोप बेताची, बोलणं कामापुरतं. सकाळी ती भिंतीच्या आधाराने का होईना, पण स्वतःचं सगळं स्वतः करायची. दुपार मात्र तिच्या हातात नव्हती. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. अंग तापलं की पायांतलं बळ जाईल, निवलं की परत येईल. त्याने आजार वाढत नाही, पण पडायची भीती असते. खोली थंड ठेवा.

पंखा होताच. खिडकीला ओली चादर लावून झाली, पायांवर ओला टॉवेल ठेवून झाला. सत्त्याण्णवच्या एप्रिलमधल्या एका दुपारी ती बाथरूमला जायला उठली आणि पॅसेजमध्ये खाली बसली. बसली म्हणजे पाय गेले. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली, त्यांना तिला उठवता येईना. शेजारच्या गुजराती कुटुंबाला हाक मारायला मृणालिनीने मनाई केली, कारण तोवर साडी ओली झाली होती. कॉलेजातून रसिका येईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. सासूबाई तिला पदराने वारा घालत होत्या.

दोन दिवसांनी नाशिकहून तिच्या भावाचा फोन आला. दत्तारामने त्याला कळवलं होतं. पाऊस पडेपर्यंत ताईला इकडे पाठवा, असं त्याचं म्हणणं. घर मोठं, हवा बरी, तिच्यासाठी दिवसभराची बाई ठेवतो. भावाच्या घरी तिला कुणी वेडंवाकडं बोललं नसतं, हे ती जाणून होती. पण एकदा बाथरूमला धरून नेणारी बाई आली, की ती पाऊस पडल्यावर जात नाही, हेही तिला कळत होतं. आपल्या घरात, आपल्या पायांनी, भर दुपारी बाथरूमपर्यंत जाऊन यायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवीशी वाटत होती. बाकीचं हवंसं वाटणं बंद झालं होतं. तिने हे नवऱ्याला सांगितलं.

"मे महिना काढून बघू," तो म्हणाला. "नाही जमलं, तर नाशिक."

दत्ताराम फोर्टमधल्या एका मोठ्या ऑफिस इमारतीत एसी प्लांटवर होता. तळघरात यंत्रं, आणि तिथून निघालेले माणूस वाकून जाईल एवढे पत्र्याचे डक्ट छतावरून मजल्यामजल्यांवर गेलेले. उभी नोकरी त्याने त्या डक्टांमधून गारवा ढकलण्यात घालवली होती. घरात आधी खिडकीत बसवायचा एसी आणावा, असं त्याच्या मनात होतं. पण बेडरूमला खिडकी एकच. मिठागरांकडचा उजेड तिच्यातूनच यायचा आणि मृणालिनीचा दिवस तिच्यापाशीच जायचा. ती निम्मी बुजली असती, वर यंत्राची घरघर दिवसभर उशाशी.

प्लांटवरच्या लवूने स्प्लिट सुचवला. आवाज करणारा कॉम्प्रेसर बाहेर छज्ज्यावर, आत भिंतीवर उंच नुसती एक लांबट पांढरी पेटी. दोघांमध्ये तांब्याच्या नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप, आणि त्यासाठी भिंतीला मनगटाएवढं एक भोक. डक्ट नको, फॉल्स सीलिंग नको, खिडकी जशीच्या तशी. रिमोट असतो, म्हणजे वहिनींना बटणासाठी उठायला नको.

डक्ट नाही तर हवा फिरणार कशी, हा दत्तारामचा प्रश्न. फिरवायचीच नाही, असं लवूचं उत्तर. एका खोलीत करायची आणि तिथेच वापरायची.

एका रविवारी काम झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खालच्या दुकानावर पाणी ठिबकता कामा नये म्हणून बजावलं, तेव्हा पाइप वळवून बाथरूमच्या जाळीत सोडला. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. यंत्र सुरू झालं तेव्हा आवाज इतका थोडा, की चालू आहे का ते बघायला मृणालिनीने डावा हात वर केला. मग त्या हाताला गार-गरम नीट कळत नाही हे लक्षात येऊन तिने उजवा वर केला. चालू होतं.

दार उघडंच होतं. ते लावायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही. उलट दत्तारामने टेबल फॅन आणून बेडरूमच्या उंबऱ्यात ठेवला, तोंड हॉलकडे करून. आईलापण थोडं लागू दे, म्हणाला. डक्ट नव्हता, तो त्याने असा करून घेतला. ऑफिसात मजल्यावरचं एखादं दार उघडं दिसलं की हाच माणूस क्लार्क लोकांना झापायचा, आणि तिथल्या प्रत्येक दारावर ‘दार बंद ठेवा’ अशी पाटी त्यानेच लावून घेतली होती. पण ते ऑफिस होतं.

यंत्र दुपारभर जराही न थांबता चालायचं. हॉल तापलेलाच राही आणि बेडरूमही धड गार होत नसे. आठवड्याभरात मृणालिनीचे पाय पुन्हा गेले. या वेळी पलंगाजवळच, त्यामुळे ती गादीवर पडली. सासूबाईंनी ते बघितलं. एवढं महागाचं मशीन आणून काय उपयोग, असं त्या संध्याकाळी मुलाला म्हणाल्या.

मग एक दिवस सासूबाई गिरगावात एका बारशाला गेल्या. रसिकाची परीक्षा चालू होती आणि समोरच्या इमारतीचं काम चाललेलं, हॉलमध्ये डोकं उठत होतं. ती पुस्तकं घेऊन आत आली, पायाने टेबल फॅन बाहेर सारला आणि दार लावून घेतलं. बांधकामाचा आवाज थांबला. अर्ध्या तासाने बाहेरचा कॉम्प्रेसर आपोआप थांबला. तो असा थांबू शकतो हे मृणालिनीला तेव्हा कळलं. खोली गार झाली होती. यंत्राला बाहेर रेटायला उकाडा उरला नव्हता. तिने टाच जमिनीवर टेकली, आणि टाच टेकली हे तिला कळलं. ती उठली, बाथरूमला जाऊन आली.

रसिकाने मान वर करून पाहिलं आणि परत पुस्तकात घातली. "दार लावून घे गं येताना," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीने सासूबाईंना विचारलं, दुपारपुरतं दार लावू या का, तुम्हीपण आत येऊन बसा. सासूबाई भाजी निवडत होत्या. ती गार हवा आपल्याला नको, गुडघे धरतात, असं त्यांनी सांगितलं.

"आणि दार कशाला लावायचं?" त्या म्हणाल्या. "मी काय कान लावून बसलेय?"

दत्तारामने अर्धं दार लोटून बघायचा तोडगा काढला. अर्ध्या दाराने पाय तसेच जात राहिले. तो तिला म्हणाला की आईला वाटतं, आपल्याला घराबाहेर काढलं. या वयात तिला आता कसं समजावणार. थोडं सांभाळून घे. तिने विचारलं, मग नाशिकचं काय. तो चप्पल घालत होता. त्याने ती घातली आणि कामाला गेला.

मे अर्ध्यावर आला होता. भावाने खोली रंगवून घेतल्याचं कळवलं.

त्याच आठवड्यात चाळीतल्या तावडेमावशी आणि त्यांची सून जेवायला आल्या. सासूबाई सकाळपासून स्वयंपाकात होत्या. मीरा रोडला आल्यापासून चाळीतलं माणूस त्यांच्याकडे क्वचितच यायचं. जेवणं झाली. तावडेमावशींना मशीन बघायचं होतं. त्या बेडरूममध्ये येऊन पेटीखाली उभ्या राहिल्या.

"आमच्याकडे हे लावायचं तर आम्हालाच खोलीबाहेर बसायला लागेल गो," त्या म्हणाल्या. सासूबाई हसल्या. मग तिघी हॉलमध्ये जाऊन बसल्या आणि चाळीतल्या एकेका घराची खबरबात सुरू झाली. टेबल फॅन उंबऱ्यात फिरत होता. खोलीतला गारवा त्याच्यातून निघून चालला होता.

मृणालिनी पलंगावर बसून होती. तिला खूण माहीत झाली होती. आधी डावी टाच कळेनाशी होते, मग घोटा, मग गुडघ्यात पाणी झाल्यासारखं होतं. टाच गेली होती. पाहुण्यांसमोर पॅसेजमध्ये खाली बसलो तर काय होईल, हे तिने एकदा डोळ्यांसमोर आणून पाहिलं. सासूबाई पदराने वारा घालतील, तावडेमावशी चाळीत जाऊन सांगतील आणि रविवारी भाऊ गाडी घेऊन येईल.

ती उठली. फॅन बंद करून तिने तो बाहेर सरकवला.

"काय गं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मी दार लावतेय."

"माणसं बसलीत, मृणाल."

"हो," ती म्हणाली. "दार उघडं राहिलं तर मला बाथरूमपर्यंत जाता येणार नाही. परवा तुम्ही बघितलंत."

तिने दार लावलं आणि कडी घातली. ती कडी आठ वर्षांत कुणी वापरली नव्हती. तिला दोनदा रेटावी लागली.

आत काही ऐकू येत नव्हतं. पेटीतून हवा यायची तेवढीच. ती पलंगावर बसून राहिली. आता वाईट वाटेल म्हणून तिने जरा वाट पाहिली. वाईट वाटलं नाही. जिंकल्यासारखंही वाटलं नाही. खिडकीतून मिठागरं दिसत होती, तिकडे बघत ती बसली. बऱ्याच वेळाने छज्ज्यावरचा कॉम्प्रेसर थांबला. त्यानंतर टाच आली, मग घोटा.

तिने कडी काढली. तिघी तिच्याकडे बघत होत्या. बाथरूमला जायला हॉलचा एक कोपरा ओलांडावा लागे, तो तिने ओलांडला. तावडेमावशींची सून धरायला म्हणून अर्धी उठली.

"बस तू," सासूबाई म्हणाल्या. "जाते ती."

मृणालिनी परत आली तेव्हा सासूबाई तिच्याकडे न बघता सुपारी कातरत होत्या. ती उंबऱ्यात पोचली आणि क्षणभर थांबली.

"लाव आता. गार सगळं बाहेर चाललंय," सासूबाई म्हणाल्या. सुरात राग होता. तो पुढेही बरेच दिवस राहिला. मृणालिनीने दार लावलं. तिच्या पाठीमागे सासूबाईंनी तावडेमावशींना काय सांगितलं, ते तिला आत ऐकू आलं नाही.

संध्याकाळी दत्ताराम आला. आईने त्याला सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. मग त्याने नाशिकला फोन लावला आणि यंदा पाठवत नाही म्हणून कळवलं. पलीकडून भावाने विचारलं असावं, ताई कशी आहे.

"तशीच आहे," तो म्हणाला. "दुपारची चालते."