पोकळ भिंतीवरचा गीझर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मालतीजवळ, माझ्या बायकोजवळ, बोलायला हवं होतं—ती गेली. आता तुमच्याजवळ बोलतो.

ऐंशी सालच्या आसपास आम्ही बहारीनला, मुहर्रकमध्ये राहायचो. मी इंजिनिअर, पुण्याहून गेलेला. आमची मुलगी मेघा तेव्हा चार वर्षांची. उन्हाळ्यात तिथे नळाचं पाणीच अंग भाजतं, पण जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. म्हणून गीझर आणला. प्लंबर कशाला हवा? मी होतो ना, दीडशहाणा! शुक्रवारी ऑफिसचं ड्रिल घरी आणलं आणि बाथरूमच्या भिंतीला लावलं.

ड्रिल इंचभर जाऊन एकदम आत घुसलं. सिमेंटचे ब्लॉक आतून पोकळ. आरपार बोल्ट टाकायला हवेत हे मला कळलं—हो, तिथेच कळलं. पण पलीकडे आमचा हॉल, नुकताच रंगवलेला. संध्याकाळी मराठी मंडळी जमायची. त्यांना भिंतीवर बोल्टची डोकी दिसली असती—एवढंच कारण. मग पुण्यात विटांच्या भिंतीत ठोकतात तशा लाकडी गुट्ट्या ठोकल्या, वर सिमेंट लिंपलं. मालती म्हणाली, "अहो, हलतोय का जरा?" मी म्हटलं, "इंजिनिअर तू की मी?"

काही आठवड्यांनी तो पडला. मालती टॉवेल घ्यायला वळली होती आणि खाली मेघा होती. डावं पाऊल चिरडलं. पोटरी पोळली.

हॉस्पिटलात मालती मेघाच्या उशाशी बसली होती. तिने मला काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो, "ओले कपडे टाकायचीस ना त्याच्या पाइपवर? किती वेळा सांगितलं तुला!"—एकदाही सांगितलं नव्हतं. बाहेर धूळ बसते म्हणून मेघाचे दोन-चार फ्रॉक ती तिथे वाळत घालायची. फ्रॉकांच्या वजनाने कधी गीझर पडतो? पण तिने मान डोलावली. आणि मला—लाज वाटते सांगायला—हायसं वाटलं.

मग ती स्वतःच सगळ्यांना सांगू लागली, "माझ्यामुळे झालं." मी तिची समजूत घालायचो, जाऊ दे, माणसाच्या हातून चूक होते. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं.

तिच्या शेवटच्या आजारात मेघा आली. अजून लंगडतेच. मालतीने तिचा हात धरला, म्हणाली, "बाळा, तुझा पाय माझ्यामुळे गेला. माफ कर गं मला." मेघा रडत म्हणाली, "इट्स ओके, आई. आय फरगेव्ह यू लाँग बॅक." मालती पुन्हा काही सांगू लागली—ते कपडे, तो पाइप.

मी पलंगाशीच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "मालती, बोलू नकोस, दम लागतो तुला."

माझं ऐकून ती गप्प झाली.