आईची साक्ष

दुःख माणसाला देवाच्या जवळ नेतं, असं आमच्या रत्नागिरीच्या चर्चमध्ये दर रविवारी सांगत. मला ते बंदरापर्यंत घेऊन गेलं. तिथून पुढे एका खलाशाने खांद्यावर उचलून मचव्यात टाकलं आणि मचव्याने मुंबईच्या बोटीला लावलं. आई लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने आशीर्वाद दिला नाही. एवढंच म्हणाली, "तिकडे आमचं कोणी विचारलंन, तर आहे तसं सांग. वाढवू नको."

असं ती का म्हणाली, ते तुम्हा तिथेच राहिलेल्यांना ठाऊक आहे. आदल्या रविवारी तुम्ही सगळे बाकांवर होतात. जे माझ्यासारखे निघून आले आणि सोयीने विसरले, त्यांच्यासाठी लिहितो.

आमच्या मंडळीत महिन्याचा शेवटचा रविवार साक्षीचा असे. एकेकाने उभं राहायचं आणि कोणत्या दुःखामुळे आपला विश्वास वाढला ते सांगायचं. विश्वास किती वाढला हे मोजायची सोय नसल्यामुळे लोक दुःख वाढवत. खेडकडच्या एका गृहस्थांचा बैल मेला होता. तो मरायला पहिल्या वर्षी पाच मिनिटं लागली, तिसऱ्या वर्षी पाऊण तास. पाळकसाहेब डोळे मिटून ऐकत आणि मान डोलवत. वैशाखातही ते काळा लोकरी कोट घालून येत. त्यांच्या आयुष्यातलं मला माहीत असलेलं दुःख तेवढंच, आणि तेही त्यांनी माप देऊन शिवून घेतलेलं.

आमच्या घरी मात्र माल भरपूर होता. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पूर्णगडच्या त्यांच्या भावांनी रापणीच्या मासळीतला वाटा बंद केला. पाळकसाहेब त्याला 'मासळीच्या बदल्यात स्वर्ग' म्हणत. वडील म्हणत, "ही अदलाबदल मला विचारून कोणी केलीन नाही." पुढे ते गेले. मग माझी धाकटी बहीण रूथ सात दिवसांच्या तापाने गेली. एवढं असून आई कधी साक्षीला उभी राहिली नव्हती. मंडळीला ते वाया गेल्यासारखं वाटे.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी देऊन मला मुंबईच्या एका छापखान्यात लावून दिलं, तेव्हा आईला साक्षीला नाही म्हणता येईना. ती उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला आणि बोलली ते असं:

"आमची रूथ तापाने गेली. त्याने मी शहाणी झाले म्हणतात. एवढी अडाणी मी आधीही नव्हते. तिला का नेलंस, असं मी देवाला रोज विचारते. तो सांगत नाही. पण रोज ऐकून घेतो. एवढं माझं दुसरं कोणी ऐकत नाही, म्हणून मी त्याला सोडलं नाही."

आणि बसली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. "बाईंना भावना आवरल्या नाहीत," असं म्हणून त्यांनी गीत सुरू करायला सांगितलं. आई तर बाजारात वांगी मागावी तशा आवाजात बोलली होती. चिठ्ठी आधीच माझ्या खिशात होती म्हणून बरं.

याला अकरा वर्षं झाली. मी माझगावला राहतो, ट्रामने ड्यूटीवर जातो, फोरमनला सलाम करतो. दिवसभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. धर्मावरची पुस्तकं इतकी जुळवली आहेत की स्वर्गाचा रस्ता मला उलट्या अक्षरांतही वाचता येतो. तो कुठून जातो हे अजून कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आई वारली. बोटी बंद होत्या. पत्र घाटावरून फिरत आलं, तोवर माती देऊन आठ दिवस झाले होते. दिवाळीनंतर आमच्या छापखान्यात एक हस्तलिखित आलं: दुःखाच्या भट्टीवर पाळकसाहेबांनी लिहिलेलं छोटं पुस्तक. अकराव्या पानावर माझी आई होती. ती हर्षाश्रू ढाळत म्हणत होती, "प्रभो, माझी कन्या नेलीस, तुझी स्तुती असो. या अग्नीतून मी सोन्यासारखी उजळले."

आईने जन्मात कधी 'प्रभो' म्हटलं नाही. ती देवाला 'अरे' म्हणायची. ती जिवंत असेपर्यंत हे पुस्तक लिहायला पाळकसाहेबांना सवड झाली नव्हती, एवढं मी लक्षात घेतलं.

लेखकाचं एक अक्षर जरी बदललं तरी जुळाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. मला बायको आणि दोन मुलं आहेत. अर्धा दिवस मी ते पान बाजूला ठेवून दुसरीच कामं केली. मग तिची साक्ष ती बोलली तशी जुळवली, आठ ओळी. वाढवलं काही नाही. प्रूफ रत्नागिरीला गेलं आणि मी बायकोला सांगून ठेवलं की महिन्याअखेर बहुधा खोली सोडावी लागेल. तिने विचारलं, "कुठे जायचं? तुमच्या घरी?"

तिथे घर उरलेलं नाही. मिशनने आईची खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली. घर म्हणून दाखवायला माझ्यापाशी आज त्या आठ ओळी आहेत. त्यांत आईचा आवाज आहे, आणि रूथचं नाव आहे. तुमच्यापर्यंत पुस्तक पोचलं असेल तर अकरावं पान काढा. शेवटच्या बाकावर तिच्या शेजारी बसणाऱ्यांना ओळख पटेल.

प्रूफ बाराव्या दिवशी परत आलं. पाळकसाहेबांनी शेवटच्या पानावर 'काळजीपूर्वक तपासले' असं लिहून सही केली होती. दुरुस्ती एकच होती, मुखपृष्ठावर: लेखकाच्या नावाला मोठे खिळे घ्यावेत.

घेतले.