जगलेले डास

नव्वदच्या दशकात मी हिवताप विभागात डास पकडायच्या नोकरीला होतो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी विचारलं तेव्हा "आरोग्य खात्यात आहे" एवढंच सांगितलं होतं. इंदापुरातून पहाटे मोटारसायकलवर निघायचं, डाळजला पोचायचं आणि ऊन चढायच्या आत गोठ्यांत शिरायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काचेची नळी. तिला जोडलेल्या रबरी नळीचं टोक तोंडात. भिंतीवरच्या डासावर काच धरून हलकेच श्वास ओढला की डास आत; मध्ये जाळी असल्यानं तोंडात येत नसे. हिवतापाचा डास मागचा भाग उचलून तिरका बसतो. एकदा नजर बसली की चुकत नाही.

धरणाच्या फुगवट्याकडेला एका वस्तीवर माझा ठरलेला गोठा होता. घरात मावशी आणि त्यांचे यजमान तात्या, दोघंच. पूर्वी त्यांची मेंढरं होती. आता ऊस आणि दोन गाई. मावशी चहा दिल्याशिवाय सोडत नसत.

त्या वर्षी डीडीटी फवारून तीन आठवडेच झाले होते, तरी गोठ्यात डास भरपूर मिळाले. म्हणून मी त्यांच्या माजघराच्या भिंतीवर चाचणी घेतली. प्लॅस्टिकचे पेले भिंतीला पालथे चिकटवले, आत डास सोडले आणि अर्धा तास त्यांना औषधावर बसू दिलं. मग कागदी कपात भरून वर जाळी बांधली, साखरपाण्याचा बोळा ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाच्या तळाला मेलेल्यांचा थर दिसायला हवा होता. मी कप उचलला तर तो गुणगुणत होता. निम्म्याहून जास्त जिवंत.

"बाईनं भिंत सारवून औषध झाकलं असणार," आमचे पर्यवेक्षक म्हणाले. "विचार जाऊन."

मीही तेच धरून गेलो. मावशी अंगणात गोवऱ्या थापत होत्या. "मावशी, फवारल्यावर सारवू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"न्हाय सारवली, भाऊ. तुमी नगं म्हनला, मी हात लावला न्हाय."

मी आत जाऊन नखानं भिंत खरवडली. नखात पांढरी भुकटी आली. वर शेणाचा हात कुठंच नव्हता. आधी ओशाळल्यासारखं झालं. मग वाटलं, सारवलेलं निघालं असतं तर फार बरं होतं.

बाहेर येऊन म्हणालो, "भिंतीवर औषध आहे, मावशी. डासच मरेनात."

"आदी तर मरत हुतं."

"मरत होते. पण दर वर्षी थोडे असे असायचे, की ज्यांना उपजतच औषध बाधत नव्हतं. बाकीचे मेले. अंडी घालायला हेच उरले. त्यांची पिल्लं त्यांच्यासारखीच."

त्यांचे हात थांबले. "म्हंजी मेंढरावानी."

"मेंढरावानी कसं?"

"ज्यो मेंढा उन्हाळ्यात तग धरायचा त्योच आमी कळपाला ठिवायचो. बाकीचं इकायचं. आसं करत करत समदा कळपच काटक झाला." पुन्हा शेण हातात घेत त्या म्हणाल्या, "आमी मेंढरं निवडली. तुमी डास निवडलं."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवशी मी चहाला थांबलो नाही. ती भिंत आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं फवारली होती, आणि प्रत्येक फवारणीला मी मेलेलेच तेवढे मोजत आलो होतो.

आठवड्याभरात तात्यांना थंडी वाजून ताप भरला. रक्तात हिवताप निघाला, तोही मेंदूला चढणारा. कडू गोळ्या मी रोज स्वतः नेऊन, समोर बसून दिल्या. ताप उतरला, तात्या उसाला पाणी द्यायला जाऊ लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा थंडी भरली. या वेळी ते मावशींना ओळखेनात. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. रस्ताभर मावशी त्यांचा पाय धरून बसल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या अर्धवट सोडल्या होत्या का?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "भिंतीचं बी आसंच इचारलं हुतं," त्या म्हणाल्या.

"माझ्यासमोर घेतल्यात, डॉक्टर," मी म्हणालो. "सगळ्या."

डॉक्टर लिहायचे थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आता हिवतापाचे जंतू गोळ्यांनीही मरेनात." त्यांनी दुसरं औषध सलाईनमधून सुरू केलं. चौथ्या दिवशी तात्यांनी मावशींना नावानं हाक मारली. ते वाचले, पण पुढं उसाच्या सरीतून चालताना तोल जायचा म्हणून हातात कायम काठी असायची.

माझा अहवाल वर गेला. पुढच्या हंगामात डाळजला नवीन औषध आलं. वास इतका उग्र की गाई दावं तोडायला बघत. पहिल्या चाचणीत कपातला एकूण एक डास मेला. पर्यवेक्षकांनी पेढे आणले.

दोन पेढे घेऊन मी वस्तीवर गेलो. मावशी पदरानं नाक झाकून दारात उभ्या होत्या.

"ह्ये किती वर्सं चालंल?"

"साहेबांना विचारून सांगतो," मी म्हणालो.

विचारलं नाही. वर्षभरात माझी बदली बारामतीला झाली, टेबलाच्या कामावर. त्या बदलीसाठी अर्ज मीच केला होता.