समुद्राची ओटी

आमच्या घरात पत्र आलं की आईला आधी दोन कोस चालावं लागे. वडील फौजेत होते, लढाईवर, ब्रह्मदेशात. घरात वाचता येणारं माणूस एकही नव्हतं. मग ती पत्र पदराला बांधून आष्ट्याला जायची. तिथल्या शाळेतले मास्तर शाळा सुटल्यावर ते वाचून दाखवायचे, एकदाच. पुन्हा वाचा म्हणायची तिला लाज वाटे. म्हणून परतताना सगळी वाट ती ते पत्र तोंडातल्या तोंडात घोकत यायची, आणि घर येईपर्यंत त्यातलं निम्मं वाटेत सांडलेलं असायचं. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. पण इतक्यांदा ऐकलंय, की ती वाट मीच चालल्यासारखी वाटते.

पाच जावांत ती धाकटी. दिवसभर लोकांच्या रानात हळद काढायची, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ती भाकरी खायची. कडेवर माझा थोरला भाऊ. अशात चौदा महिने पत्रच आलं नाही. जावा तिच्या कपाळाकडे बघायला लागल्या. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "किती दिस लावतीस ग कुंकू, बघू." त्या दिवशी आई तडक कृष्णेवर गेली, कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि नदीला म्हणाली, "तू समुद्राला जातीस म्हनं. त्येला माझा सांगावा दे, म्हनावं, समुद्रा, माझा मानूस पान्यावरनं गेलाय, त्येला पान्यावरनं परत आन. तुझ्या काठाला यीन आन तुझी ओटी भरीन."

वडील आले. लढाई संपल्यावर रंगूनहून बोटीनं मद्रासला, तिथून गाडीनं मिरजेला. एका पायानं लंगडत, पण बाकी धडधाकट. गावात ते पाटकरी झाले, म्हणजे पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या उसाला पाळीप्रमाणे सोडणारा माणूस. मग मी झाले. आईनं एकच हट्ट धरला, "पोरगी साळंत जानार. घरात पत्र वाचाय कुनीतरी पायजे." पत्र वाचता वाचता मी भूगोल घेऊन सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे सांगताना मान खाली घालायचं मला आजही कारण दिसत नाही. इस्लामपूरला हायस्कुलात मी भूगोल शिकवायला लागले.

राहिली ती ओटी. म्हैस आटली, की आई म्हणे, ओटी राहिलीया. माझं लग्न जमेना, तरी ओटीच राहिलेली. वडील वैतागायचे.

"अगं, रत्नागिरीला यष्टी जाती. सकाळी बसलं की दुपारी समुद्र. जा आन भरून यी."

"त्यो न्हवं," आई म्हणायची. "आपली कृष्णा तितं कुठं जाती?"

यात चूक माझी होती. सातवीत असताना नकाशा पसरून मीच तिला दाखवलं होतं, की कृष्णा आपल्याकडच्या डोंगरात उगम पावून पार उलट्या अंगाच्या समुद्राला जाते, आणि ब्रह्मदेश त्याच पाण्याच्या पलीकडे आहे. तेव्हापासून रत्नागिरी तिच्या हिशेबातून बाद.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. भाऊ फौजेत ड्रायव्हर, हवालदार, आणि त्याची बदली अंदमानात, कृष्णेच्याच समुद्रातल्या पोर्ट ब्लेअरला झालेली. त्याचं पत्र आलं : क्वार्टर मिळालंय, नाताळच्या सुटीत सगळे या. मी ते आईला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ऐकून ती उठली आणि थेट आष्ट्याच्या बाजाराला गेली. खण, तांदूळ, हळदकुंकू, सुपारी, खोबऱ्याची वाटी, आणि शेंडीचा एक नारळ.

मद्रासला गाडी इतकी उशिरा पोचली, की आम्ही पळत पळतच धक्क्यावर. बोटीच्या कठड्यावरून ओटी सोडावी असं मी सुचवलं, तर आई म्हणाली, "पायाला पानी लागल्याबिगर ओटी आसती व्हय?" चौथ्या दिवशी बेट दिसलं. काठापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत नुसत्या नारळाच्या झावळ्या. वडिलांनी आईच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं, मग डोंगराकडे, मग पुन्हा पिशवीकडे.

"झालं का," ते म्हणाले. "नारळाच्या घरी नारळ घिऊन पावनी आली."

"आवं, त्यो आष्ट्याचा हाय," आई म्हणाली. विषय संपला.

भावाला पाच दिवसांची रजा होती, आणि सहाव्या दिवशी आमची परतीची बोट. पहिल्या दिवशी त्यानं शहराजवळच्या नावाजलेल्या किनाऱ्यावर नेलं. तिथं नवी लग्नं झालेली जोडपी गुडघाभर पाण्यात एकमेकांवर पाणी उडवत होती, आणि कुणी कुणी चेंडू खेळत होतं. आईनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि पाठ फिरवली. "हितं न्हाई. ही काय जत्रा हाय?"

मग सुरू झाली शांत किनाऱ्यांची शोधाशोध. भाऊ दोन वर्षं बेटावर होता, पण त्याला रस्ते तेवढे ठाऊक. समुद्राचं विचारलं तर म्हणे, "त्यो हाय तितंच आसतूय, मी कशाला बघाय जातूय?" म्हणून आम्ही दिसेल त्या बसमध्ये बसायचो आणि जिथं झाडीतून पाणी चमकेल तिथं उतरायचो. सुपारीच्या बागांतून चालत जायचं, आणि एकाएकी झाडं संपून समोर रवा पसरल्यासारखी वाळू. माणूस नाही, काणूस नाही. पाण्याचा रंग मी आईला सांगायला गेले, तर तिनंच सांगितला : "द्राक्षावर मारायचा मोरचूद भिजवल्याला दिसतूय." तो हिरवट निळा रंग तंतोतंत तसाच होता. बोटाएवढे पांढरे खेकडे आमची चाहूल लागली की बिळात पळायचे, आणि वडील काठी टेकत त्यांच्यामागे. पन्नाशी उलटलेला फौजी, बिळापाशी वाकून म्हणतोय, "भाईर यी की रं गड्या, काय करत न्हाई."

दुसऱ्या दिवशीच्या अशाच एका किनाऱ्यावर आई पाण्यात उतरली. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, खण ठेवला, नारळ ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले. कृष्णेवर असं केलं, की डोळे उघडेपर्यंत नारळ पुलाखालून पार झालेला असतो. आईनं डोळे उघडले तर नारळ तिच्या पायाशी. खण घोट्याला गुंडाळलेला.

तिनं पुन्हा ठेवला. लाटेनं पुन्हा आणून दिला. तिसऱ्यांदाही तेच. भाऊ खो खो हसायला लागला. "आण हिकडं आई, हातगोळ्यावानी फेकतू. थेट रंगूनला."

"ओटी फेकत्यात व्हय रं?" आई ओरडली. "ओटी ठेवायची आसती. घ्यायची का न्हाई ते त्येनं बघायचं." आणि मग खाली बसून, अगदी हळू, "घेत न्हाई त्यो. लय उशीर केला मी."

आमचं हसणं तिथंच थांबलं. वडिलांनी आपल्या परीनं समजूत काढली. "तुझ्यावर न्हाई गं, माज्यावर राग आसंल त्येचा. येताना सा दिस बोटीवर वकत हुतो, आन येकसारखा त्येला शिव्या देत हुतो." आई हसली नाही. त्या दिवशी ती नुसत्या चहावर राहिली. खण धुऊन वाळत घातला, नारळ पुसून पिशवीत ठेवला.

तिसरा दिवस तसाच, चौथाही तसाच. किनारे एकाहून एक देखणे, आणि नारळ प्रत्येक ठिकाणाहून परत. मी आईला समजावून सांगितलं, की यात राग-लोभ काही नाही, ही भरती. पाणी चढत असताना काठाकडे येतं, ओहोटी लागली की आत जातं. चंद्रामुळे होतं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग कवा जातंय आत?"

मला सांगता येईना. वर्षानुवर्षं आठवीच्या पोरींना मी फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि फुगलेलं पाणी काढून दाखवत आले होते. पुस्तकात सहा तास दिले होते. ते कुठून मोजायचे, ते दिलं नव्हतं. आणि मी स्वतः समुद्र बघत होते तो आयुष्यात पहिल्यांदा. बी.ए. झालेल्या बाईनं हेही कबूल करायला हवं.

पाचव्या दिवशी आम्ही सरकारी लाँचनं पलीकडच्या एका लहान बेटावर गेलो. लाँच परत निघणार चारला. किनारा नेहमीसारखाच निर्मनुष्य होता. फरक एवढाच, की झाडीतून येणारा एक ओढा वाळू कापून समुद्राला मिळत होता. गुडघाभर पाणी, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. आई सावलीत जाऊन बसली. मी तिच्यासमोर डबा उघडला, तिनं झाकण लावलं. इतक्यात ओढ्याकडून वडिलांची हाक आली.

"ए मास्तरीनबाई! हिकडं यी पळत! पानी उलटं चाललंय!"

ते ओढ्याच्या काठी उभे होते आणि वाळकं पान सोडून बघत होते. पान समुद्राकडून झाडीकडे चाललेलं. ज्या माणसानं निम्मी हयात पाटाच्या पाण्यात काढली, त्यानं पाणी चढाकडे जाताना कधी पाहिलं नव्हतं.

"भरती आहे, आबा," मी म्हटलं. "समुद्र आत शिरतोय."

"म्हंजे ही त्येची पाळी हाय." त्यांचे डोळे लकाकले. "पाळी हाय म्हंजे बदलनार."

पाळीवर बसणं हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी एक वाळकी फांदी तोडली आणि ओढ्याच्या कडेला रोवली. पाणी जिथं टेकलं होतं तिथं चाकूनं खाच पाडली आणि बसले, जसे आमच्या पाटावर पाणी वळवायच्या दाऱ्याशी बसतात, टोपी गुडघ्यावर ठेवून. भाऊ नारळीखाली झोपला. मी आणि आई किनाऱ्यावरून पार टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. आईनं ओंजळभर शिंपले वेचले, गावी वहिनीपाशी राहिलेल्या नातवंडांना म्हणून. दर थोड्या वेळानं वडिलांचा आवाज यायचा : "खाचंच्या वर गेलं!" मग, "आजून चढतंय!" मग बराच वेळ काही नाही. बाराच्या सुमाराला ते ओरडले, "थांबलं!"

मी घड्याळ बघितलं. आता मला सहा तास कुठून मोजायचे ते कळलं होतं.

"लगेच सोडू नको," मी आईला म्हटलं. "आधी हळू ओसरतं, मधल्या वेळात जोर धरतं. तीनला बघू."

"चारला लाँच हाय," भाऊ उठून बसत म्हणाला.

"तुझी लाँच ऱ्हाऊ दे," वडील म्हणाले. "पाटकऱ्याला घाई लावू न्हाई."

अडीचला खाच पाण्याच्या चांगली वीतभर वर राहिली. तीनला ओढा असा काही धावायला लागला, की माझ्या डोळ्यांना ती वाळूतली कृष्णाच वाटली. वाहती, एका दिशेची, आमच्या ओळखीची. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण ती सावलीतून उठली आणि कुणाला न विचारता पाण्यात उतरली. ओढा जिथं समुद्रात पडत होता त्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. हळदकुंकू वाहिलं. तांदूळ सोडले. खण ठेवला, त्याच्यावर नारळ. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत.

नारळ जागीच एकदा गरकन फिरला. मग निघाला. खण मागे, जरा ओढल्यासारखा. लाटांची पहिली रांग आली, नारळ वर गेला, खाली आला आणि पलीकडे निघाला. दुसरी रांग आली, तीही त्यानं ओलांडली. मोरचुदी पाण्यात त्याची शेंडी तेवढी काळी दिसत होती.

वडील टोपी काढून उभे होते. आठवडाभर थट्टा करणारा हा माणूस तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत हलला नाही. मग टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "गेला. माझ्यापरीस बरा गेला. वकला न्हाई."

आई पाण्यातच उभी राहून हसली. हसतच बाहेर आली, आणि पहिलं काय केलं असेल, तर डबा उघडला. लाँचवर बसेपर्यंत तिनं चार चपात्या आणि चटणी संपवली, भावाच्या वाटणीचंही थोडं. रोवलेली फांदी वडिलांनी उपटू दिली नाही.

कृष्णेत उभं राहून बोललेली ओटी, तीस वर्षांनी का होईना, माझ्या आईनं समुद्राला पोचती केली.